विजेच्या मालावरचा शिक्का



विजेचा माल परदेशी जाण्यापूर्वी त्याला सुरक्षिततेचे प्रमाणपत्र कसे मिळते आणि ते मिळविण्याची पाळी का आली, हा आजच्या माझ्या बोलण्याचा विषय आहे. ऐन वैशाखात, महाबळेश्वरासारख्या ठिकाणी, श्रोत्यांनी काव्यशास्त्रविनोदाची अपेक्षा करावी आणि वक्त्याने इस्त्र्या, पंखे व मोटारी यांच्या गोष्टी काढाव्यात, हा रसभंग आहे अशी शंका आपणांस येईल. पण थोडा धीर धरावा. या शिक्क्याच्या इतिहासात माणसाच्या जिवाची किंमत कोणी, केव्हा आणि कोणासाठी ठरविली हा प्रश्न दडलेला आहे, आणि त्या प्रश्नाशी आपल्या घरातल्या प्रत्येक बटणाचा संबंध आहे.

शिवाय या विषयाला महाबळेश्वरासारखी जागा शोधून सापडणार नाही. आज आपण येथे कोरड्या हवेत सुखाने बसलो आहोत. दोन महिन्यांनी येथे जे घडते ते येथील रहिवाशांना सांगावयास नको. वर्षाकाठी सुमारे सहा मीटर पाऊस या माथ्यावर कोसळतो. भिंतींना पाझर फुटू नये म्हणून बाहेरून गवताचे आडोसे बांधण्याची येथली जुनी रीत आहे. कपाटातल्या कपड्यांना आणि पुस्तकांना बुरशी धरते. अशा हवेत विजेच्या तारेवरचे आवरण, खटक्याचा सांधा आणि मोटारीची वेटोळी यांचे काय होत असेल? प्रयोगशाळेत विजेच्या वस्तूंना दमट कपाटात कोंडून त्यांची परीक्षा घेतात. आषाढातले महाबळेश्वर हे तसे एक आयते कपाटच आहे.

या डोंगरावरून कृष्णा निघते. तिच्याच काठाने खाली उतरत आपण आपल्या विषयाकडे जाऊ.

डोळ्यांनी पारखायचा माल

कृष्णेच्या खोऱ्यातला जुना व्यापार डोळ्यांवर आणि हातांवर चालत असे. सांगलीच्या पेठेत हळदीचा व्यापारी हळकुंड उचलतो, मोडतो, आतला रंग पाहतो, वास घेतो. माल खरा की खोटा हे त्याला तिथल्या तिथे कळते. कराडजवळच्या ओगलेवाडीला ओगले बंधूंच्या कारखान्यात ‘प्रभाकर’ कंदील तयार होत असत. महाराष्ट्रातील कित्येक पिढ्यांनी त्या कंदिलाच्या उजेडात अभ्यास केला. कंदिलाचा धोका कोणाला समजावून सांगावा लागत नसे. ज्योत दिसत होती, काच तापलेली लागत होती, रॉकेल सांडले तर वास येत होता. रांगणारे मूलसुद्धा एकदा हात भाजला की दुसऱ्यांदा जवळ जात नसे.

तरीही नव्या वस्तूवर माणूस चटकन विश्वास टाकीत नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ च्या सुमारास बेळगावी लोखंडी नांगर तयार केला, तेव्हा लोखंडाने जमीन विषारी होईल अशी भीती शेतकऱ्यांना वाटली. पहिले सहा नांगर विकावयास दोन वर्षे लागली असे सांगतात. पुढे १० मार्च १९१० रोजी औंध संस्थानातील कुंडलच्या माळावर त्यांनी आपला कारखाना हलविला आणि किर्लोस्करवाडी वसली. ती आज सांगली जिल्ह्यात आहे. त्या नांगराला कोणत्याही संस्थेचे प्रमाणपत्र नव्हते. शेजारच्या शेतकऱ्याने नांगर चालविला, पीक जोमाने आले, मग दुसऱ्याने घेतला. गावातला अनुभव हेच प्रमाणपत्र होते. जोवर करणारा, विकणारा आणि वापरणारा एकमेकांना ओळखतात, तोवर एवढे पुरते.

विजेने ही सारी व्यवस्था मोडली. विजेचा प्रवाह दिसत नाही आणि त्याला वासही नाही. दोन इस्त्र्या शेजारी शेजारी ठेवल्या, दोन्हींचा रंग सारखा, दोन्ही सारख्याच तापतात. एकीच्या आत तारेचे आवरण जाड आणि पक्के आहे, दुसरीच्या आत ते इतके पातळ आहे की सहा महिन्यांत सोलून निघेल. हा फरक हळकुंडासारखा मोडून पाहता येत नाही. तो जेव्हा कळतो तेव्हा घरात कोणाला तरी झटका बसलेला असतो किंवा छपराला आग लागलेली असते. त्यातून हा माल सात समुद्रांपलीकडे जावयाचा असेल तर ज्याने केला त्याला वापरणारा कधी भेटणारही नाही. अशा वेळी दोघांच्या मध्ये एखादा निःपक्षपाती साक्षीदार हवा, ही गरज उत्पन्न झाली.

शिकागोचे ते वर्ष

हा साक्षीदार प्रथम कोठे उभा राहिला ते पाहू. १८९३ साली शिकागो येथे भरलेल्या जागतिक प्रदर्शनाची आठवण आपल्याकडे एका वेगळ्या कारणाने जपली गेली आहे. त्याच प्रदर्शनाच्या निमित्ताने भरलेल्या सर्वधर्मपरिषदेत ११ सप्टेंबर रोजी स्वामी विवेकानंद बोलावयास उभे राहिले. ज्या नगरीत हे घडत होते तिचे दुसरे आश्चर्य म्हणजे तिची रोषणाई. विजेचे असंख्य दिवे तेथे एकाच वेळी लावलेले होते, आणि इमारती मात्र घाईने उभारलेल्या, लाकूड आणि गिलाव्याच्या. या तारांमधून आग लागली तर नुकसान भरून द्यावयाचे कोणी? अर्थात विमा कंपन्यांनी. त्यांच्या पोटात भीतीचा गोळा उठला तर नवल नाही.

तारांची तपासणी करावयास विल्यम हेन्री मेरिल नावाचा बोस्टनकडचा एक तरुण वीज-अभियंता तेथे आला. वय जेमतेम पंचविशीचे. काम करता करता त्याच्या ध्यानात आले की आग लागल्यावर चौकशी करण्यापेक्षा वस्तू बाजारात येण्यापूर्वीच तिची परीक्षा घेणे स्वस्त पडेल. विमा कंपन्यांच्या अग्निशामक पथकाच्या ठाण्यात वरच्या मजल्यावर जागा घेऊन त्याने छोटीशी प्रयोगशाळा मांडली. २४ मार्च १८९४ रोजी तेथे पहिली चाचणी झाली. ती होती न जळणाऱ्या आवरणाच्या एका द्रव्याची. या खोलीतून पुढे ‘अंडररायटर्स लॅबोरेटरीज’ ही संस्था वाढली, आणि तिची ‘यूएल’ ही दोन अक्षरे आज अमेरिकेत विजेचा माल विकू पाहणाऱ्या जगभरच्या कारखानदारांना पाठ आहेत.

येथे एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. या शिक्क्याचा जन्म भूतदयेतून झाला नाही. तो विम्याच्या हिशेबातून झाला. ज्याच्या खिशाला आगीची झळ लागणार होती त्याने कसोटी मागितली. पण एकदा कसोटी ठरली की तिचा लाभ ज्याच्या घरी विमा नव्हता त्यालाही मिळाला. इतिहासात पुष्कळ चांगल्या गोष्टी अशा आडमार्गाने आल्या आहेत.

देश तितके शिक्के

युरोपातही याच सुमारास हालचाल सुरू झाली. जर्मनीत वीज-अभियंत्यांचा संघ, म्हणजे ‘व्हीडीई’, १८९३ सालीच स्थापन झाला आणि १९२० मध्ये त्याने आपले परीक्षण केंद्र उघडले. इंग्लंडात १९०१ साली मानके ठरविणारी समिती नेमली गेली. ट्रामच्या रुळांचे तेव्हा तेथे पंचाहत्तर प्रकार होते, ते तिने पाचांवर आणले. १९०३ साली पतंगाच्या आकाराची तिची मुद्रा आली. दमडीच्या कामासाठी पंचाहत्तर साचे ठेवणाऱ्या कारखानदारांना प्रथम हे बंधन वाटले असेल, पण साचे कमी झाले तसा खर्चही कमी झाला.

मग १९०६ साली लंडनमध्ये आंतरराष्ट्रीय विद्युत-तंत्र आयोग निघाला. लॉर्ड केल्व्हिन त्याचे पहिले अध्यक्ष झाले. त्यामागे ज्यांची खटपट होती ते कर्नल क्रॉम्प्टन तरुणपणी, १८६० नंतरच्या वर्षांत, हिंदुस्थानात लष्करी नोकरीस होते, आणि येथल्या रस्त्यांवर बैलांऐवजी वाफेच्या यंत्राने गाड्या ओढण्याचे प्रयोग करीत होते. त्यांचे नाव लावणाऱ्या कंपनीच्या परंपरेतला कारखाना १९३७ मध्ये मुंबईत निघाला आणि त्याच नावाचे पंखे पुढे आपल्या घराघरांत फिरू लागले.

आयोग निघाला, भाषा एक होऊ लागली, तरी व्यवहारात मात्र देश तितके शिक्के अशीच स्थिती राहिली. त्याला सबळ कारणेही होती. आपल्याकडे घरात २३० व्होल्ट आणि सेकंदाला ५० आवर्तने. अमेरिकेत १२० व्होल्ट आणि ६० आवर्तने. जपानात १०० व्होल्ट, आणि त्यातही पूर्व भागात ५० आवर्तने तर पश्चिम भागात ६०. इंग्लंडचा प्लग चौकोनी दांड्यांचा, पोटात फ्यूज बाळगणारा. आपला गोल दांड्यांचा, जो जुन्या इंग्रजी प्लगवरूनच आला आणि इंग्रजांनी तो टाकल्यावरही आपण ठेवला. जपानने १९६१ मध्ये विजेच्या उपकरणांचा कायदा केला. त्याची ‘पीएसई’ ही आजची खूण २००१ पासूनची आहे. चीनने २००२ मध्ये आपली सक्तीची मुद्रा आणली. युरोपच्या समाईक बाजाराने १९७३ साली विद्युतदाबाविषयीचा निर्देश काढला, आणि पुढे ‘सीई’ ही खूण १९९७ पासून अशा मालाला आवश्यक ठरविली.

समजा, मिरजेच्या औद्योगिक वसाहतीतील एखाद्या कारखानदाराला आपली एकच मोटार या साऱ्या देशांत पाठवावयाची आहे. त्याला यंत्र एक करावे लागेल आणि परीक्षा पाच द्याव्या लागतील. ही अडचण थोडीफार दूर व्हावी म्हणून आता एक आंतरराष्ट्रीय व्यवस्था आहे. तीत सामील झालेल्या देशांपैकी एकाच्या मान्य प्रयोगशाळेने दिलेला अहवाल इतर देशांच्या संस्था आधार म्हणून स्वीकारतात आणि फक्त आपापल्या फरकापुरती वेगळी चाचणी मागतात. भारतही त्या व्यवस्थेत आहे.

परीक्षेच्या खोलीत

आता प्रत्यक्ष परीक्षा कशी होते ते थोडक्यात सांगतो. ती ऐकली म्हणजे शिक्का हा नुसता कागद नव्हे हे आपल्या ध्यानात येईल.

घरगुती उपकरणांचे जे आंतरराष्ट्रीय मानक आहे, त्याचेच भारतीय रूप ‘आयएस ३०२’ या नावाने प्रसिद्ध आहे. प्रथम एक सांधे असलेले कृत्रिम बोट घेतात. जाडी बारा मिलिमीटर, लांबी ऐंशी मिलिमीटर, म्हणजे माणसाच्या बोटासारखेच. ते उपकरणाच्या प्रत्येक फटीत, प्रत्येक भोकात घालून पाहतात. विजेच्या उघड्या भागाला ते टेकले तर वस्तू नापास. लहान मूल बोट कोठे घालील याचा विचार कोणीतरी आधीच करून ठेवला आहे, हे पाहून मला तरी त्या निर्जीव बोटाविषयी आदर वाटला.

नंतर वस्तूला दमट कपाटात ठेवतात. अठ्ठेचाळीस तास, सुमारे त्र्याण्णव टक्के आर्द्रता. बाहेर काढताच साध्या आवरणावर एक मिनिटभर १२५० व्होल्टचा दाब देतात आणि दुहेरी संरक्षणाच्या आवरणावर ३००० व्होल्टचा. आवरण फुटता कामा नये. बाहेरच्या धातूवर किती प्रवाह झिरपतो तेही मोजतात. हातात धरावयाच्या, अर्थिंग असलेल्या उपकरणाला पाऊण मिलिअँपिअरची मर्यादा आहे. ही मर्यादा किती कडक आहे हे समजण्यासाठी एवढेच सांगतो की माणसाचा जीव वाचविण्यासाठी घरात जे सुरक्षा-खटके बसवितात ते तीस मिलिअँपिअरला तुटतात. मग तापलेली तार प्लास्टिकला लावून ते पेट घेते का पाहतात, दोर ओढून पाहतात, वस्तू आपटून पाहतात.

मोटारींच्या मानकात आणखी एक गमतीची गोष्ट आहे. पाटीवर लिहिलेली शक्ती ही समुद्रसपाटीपासून हजार मीटरपर्यंतच्या उंचीसाठी आणि चाळीस अंशांपर्यंतच्या हवेसाठी धरलेली असते, कारण त्याहून वर विरळ हवेत मोटार पुरेशी थंड होत नाही. आपण बसलो आहोत ते सुमारे तेराशेसत्तर मीटरवर. म्हणजे खालच्या गावात खरी असलेली पाटी येथे वर आल्यावर जशीच्या तशी खरी धरता येत नाही. सुदैवाने येथली थंडी तिच्या मदतीला येते.

आणि एकदा पास झाले म्हणजे सुटले असेही नाही. अमेरिकन संस्थेचा तपासनीस वर्षातून साधारण चार वेळा, आगाऊ सूचना न देता, कारखान्याच्या दारात उभा राहतो. परीक्षेला पाठविलेला नमुना आणि रोजचा माल एकच आहे ना, हे तो पाहतो. युरोपची ‘सीई’ खूण बहुतेक घरगुती विजेच्या मालावर कारखानदार स्वतःच्या जबाबदारीवर लावतो, पण कसोट्यांची सर्व कागदपत्रे त्याला दहा वर्षे जपून ठेवावी लागतात. या कसोट्यांतून आपल्या खोऱ्यातली नावेही पार पडलेली आहेत. किर्लोस्कर ब्रदर्सच्या काही अग्निशामक पंपांना त्याच ‘यूएल’ संस्थेची मान्यता आहे. विमेवाल्यांच्या अग्निशामक ठाण्यात जन्मलेला शिक्का आग विझविणाऱ्या मराठी पंपावर यावा, हा योग मोठा समर्पक आहे.

आपल्या देशाची कथा

आता आपल्याकडे वळू. भारतीय मानक संस्था ६ जानेवारी १९४७ रोजी, स्वातंत्र्याच्या सात महिने आधी, अस्तित्वात आली. तिचे पहिले मानक १९५१ साली निघाले, ते राष्ट्रध्वजाचे. १९५२ मध्ये प्रमाणमुद्रांचा कायदा झाला आणि १९५५-५६ पासून ‘आयएसआय’ची खूण मालावर दिसू लागली. १९५५ सालीच यांत्रिकी मालाच्या निर्यातीला उत्तेजन देणारी परिषद स्थापन झाली. त्या काळात देशाला परकीय चलनाची निकड होती, आणि एका कारखानदाराने निकृष्ट माल पाठविला तर साऱ्या देशाच्या मालाची अब्रू जाते हा अनुभव येत होता. म्हणून १९६३ मध्ये निर्यातीच्या मालाची गुणवत्ता व तपासणी यांविषयी कायदा झाला. अधिसूचित माल तपासल्याशिवाय जहाजावर चढावयाचा नाही, असे ठरले. १९८७ पासून मानक संस्थेच्या जागी भारतीय मानक ब्यूरो काम पाहतो.

या तारखा एकापुढे एक मांडल्या म्हणजे एक गोष्ट मनाला टोचते. परदेशी जाणाऱ्या मालाची सक्तीची तपासणी कायद्याने १९६३ साली आली. आपल्या घरात येणाऱ्या विजेच्या तारा, इस्त्र्या, पाणी तापवावयाचे रॉड, खोली तापविण्याचे हीटर यांना प्रमाणमुद्रेची सक्ती करणारा व्यापक आदेश निघावयास २००३ साल उजाडले. त्याआधीही काही आदेश निघाले होते, हे खरे. पण मधल्या काळात घरोघरी आयांनी मुलांना जी शिकवण दिली ती आपल्या सर्वांना पाठ आहे: ‘इस्त्री करताना पायांत चप्पल घाल.’ चप्पल हे आमचे अर्थिंग होते. जे संरक्षण कारखान्यात द्यावयाचे ते आम्ही चांभाराकडून घेत होतो.

भिंत की दार?

या शिक्क्यांविरुद्ध तक्रारी नाहीत असे नाही, आणि त्या खोट्याही नाहीत. चाचणीचा खर्च मोठ्या कारखान्याला सहज पेलतो, तो छोट्याची कंबर मोडतो. श्रीमंत देश कधी कधी सुरक्षिततेचे नाव पुढे करून आपल्या कारखानदारांचे रक्षण करतात. ही शंका निराधार नाही, म्हणूनच १९९५ पासून जागतिक व्यापार संघटनेच्या करारात असे कलम आहे की तांत्रिक नियम व्यापारात विनाकारण अडथळा आणणारे नसावेत. खोटे शिक्केही सर्रास छापले जातात. चोरालासुद्धा शिक्क्याची किंमत कळते, एवढाच याचा अर्थ.

पण या तक्रारींवरून कसोटीच नको असा निष्कर्ष काढणे म्हणजे वैद्य महाग म्हणून पथ्य सोडण्यासारखे आहे. यावर उपाय म्हणजे प्रयोगशाळा जवळ आणणे, छोट्या कारखानदारांनी एकत्र येऊन खर्च वाटून घेणे, आणि यंत्राचा आराखडा करतानाच मानक समोर ठेवणे. कृष्णेच्या खोऱ्याला सहकार शिकवावयास बाहेरून कोणी येण्याची गरज नाही.

माझे खरे म्हणणे मात्र याहून साधे आहे. कोयना याच डोंगरावर उगम पावते. तिच्या पाण्यावर १९६२ पासून वीज तयार होत आहे, आणि ही वीज आपल्या शेतापर्यंत पोहोचली आहे. उसाच्या फडात, चिखलात उघड्या पायांनी उभा राहून, ओल्या हाताने मोटारीच्या पेटीचे झाकण उघडणारा शेतकरी आपण सर्वांनी पाहिला आहे. जर्मनीतल्या कोरड्या, गालिचा घातलेल्या खोलीतील गिऱ्हाइकासाठी आपण त्र्याण्णव टक्के आर्द्रतेची परीक्षा देतो. खरी आर्द्रता आहे ती या शेतकऱ्याच्या हाताला. त्याच्या पेटीचे झाकण तुटलेले, अर्थिंगची तार कोठे गेली याचा पत्ता नाही, आणि फ्यूजच्या जागी तारेचा तुकडा गुंडाळलेला.

ज्या कारखान्याला परदेशासाठी निर्दोष माल करता येतो त्याला तो येथेही करता येतो. अडते ते एवढ्यासाठी की परदेशी गिऱ्हाईक शिक्का मागते आणि आपण किंमत विचारतो. १८९३ साली विमेवाल्यांनी मागणी केली म्हणून कसोटी आली, हे मी मघाशी सांगितले. तेव्हा मागणारा कोण, यावर पुष्कळ अवलंबून आहे. यापुढे तो मागणारा आपणच व्हावयास हवे. उद्या बाजारात तार घ्याल, खटका घ्याल, पाण्याची मोटार घ्याल, तेव्हा तिच्यावरची खूण आणि तिच्याजवळचा परवाना क्रमांक पाहा. नसेल तर दुकानदाराला कारण विचारा. आणि तिसरी तार जोडल्याशिवाय कारागिराला घराबाहेर पडू देऊ नका.

पाऊस आता महिन्या-दीड महिन्यावर आला आहे. तो येथे आपली परीक्षा घ्यावयास येईल, आणि तो आगाऊ सूचना देत नाही. त्याआधी आपापल्या घरच्या व शेतावरच्या पेट्या एकदा उघडून पाहाव्यात, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.